शिकागोतले सव्वाचार तास

आईला घेऊन दादाकडे अमेरिकेत कोलंबसला जायचं होतं. तिकिटं काढायला मार्च २०२५ मध्ये बसलो तेव्हा दोन पर्याय समोर होते. दोन्ही मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–कोलंबस. पहिल्यात शिकागोला थांबा १ तास ४० मिनिटांचा, दुसऱ्यात ४ तास १५ मिनिटांचा. दुसरा माणशी साडेपाच हजारांनी महाग. एजंटचं म्हणणं, "ताई, सिस्टीम तिकीट देतेय म्हणजे तेवढ्या वेळात होतं." फोनवर दादा, "अगं, चार तास आई विमानतळावर बसून करणार काय? आधीच थकलेली असेल."

आईचं वय ७३, गुडघे दुखरे, पहिलाच परदेश प्रवास. बाबा नागपूरलाच राहणार होते, म्हणजे सोबतीला मी एकटी. मी दोन दिवस मागून घेतले आणि शिकागोला उतरल्यावर नेमकं काय काय करावं लागतं ते एका कागदावर ओळीने लिहून काढलं. त्या कागदामुळेच मी सव्वाचार तासांचं तिकीट घेतलं. ज्यांना आईवडिलांना घेऊन किंवा एकट्यानेच पाठवून हा प्रवास करायचा आहे, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेचा नियम असा आहे की देशात पहिल्यांदा जिथे पाय ठेवाल तिथेच इमिग्रेशन आणि तिथेच कस्टम्स. पुढे तुम्हाला कोलंबसला जायचं असो की थेट मेक्सिकोला, शिकागोत रांगेत उभं राहावंच लागतं. चेक-इन केलेल्या बॅगा तिथे पट्ट्यावरून उतरवून घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, पुन्हा विमानकंपनीच्या ताब्यात द्यायच्या आणि मग नव्याने सुरक्षा तपासणी. मुंबईच्या काउंटरवर "बॅगा थेट कोलंबसला" असं सांगतात, टॅगवरही कोलंबसच छापलेलं असतं. त्यामुळे बॅगा मध्ये उचलायच्या असतात हे अनेकांच्या ध्यानीमनीही नसतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी बॅगा शिकागोलाच सोडल्या होत्या. त्या तीन दिवसांनी घरी आल्या.

शिवाय टर्मिनल बदलतं. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर आमचं विमान टर्मिनल ५ ला येणार होतं आणि कोलंबसचं टर्मिनल १ वरून सुटणार होतं. मध्ये विमानतळाची फुकट ट्रेन आहे, पण ती सुरक्षा क्षेत्राच्या बाहेरून जाते. म्हणून टर्मिनल १ ला पुन्हा तपासणी.

आता वेळेचा हिशेब. तिकिटावर दिसणारा थांबा विमान गेटला लागण्याच्या नियोजित वेळेपासून पुढचं विमान हलण्याच्या वेळेपर्यंतचा असतो. पण देशांतर्गत विमानाला सुटण्याच्या १५ मिनिटं आधी गेटवर नसलात तर जागा जाऊ शकते. म्हणजे शेवटची १५ गेली. मोठ्या विमानात मागच्या रांगेत असाल तर बाहेर पडायला १५–२० मिनिटं गेली. व्हीलचेअर मागितली असेल तर सगळे उतरल्यावरच आपला नंबर. १ तास ४० मिनिटांमधले हे वजा केले की उरतो जेमतेम तास, आणि त्यात इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स, ट्रेन, सुरक्षा तपासणी. विमान उशिरा आलं तर तोही नाही.

इमिग्रेशनला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी घेता येतो, हे मला त्याच दोन दिवसांत कळलं. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या, म्हणजे सीबीपीच्या, संकेतस्थळावर 'एअरपोर्ट वेट टाइम्स' नावाचं पान आहे. विमानतळ, टर्मिनल आणि तारखा निवडल्या की तासागणिक किती लोक आले आणि किती थांबले ते दिसतं. सरासरीही आणि सर्वांत जास्तही. मी आदल्या वर्षीचा जुलै काढून दुपारी १२ ते ३ ची वेळ बघितली. माझा सल्ला, सरासरीवर जाऊ नका, सर्वांत जास्त थांबल्याचा आकडा बघा. युरोपातून येणारी विमानं दुपारी एकामागून एक उतरतात आणि त्या वेळची रांग सकाळच्या रांगेपेक्षा फार वेगळी असते. रांग टाळण्यासाठी एक मोफत अ‍ॅपही आहे, पण ते अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि इतर काही मोजक्या प्रवाशांसाठी. आपल्या पर्यटक व्हिसावाल्यांना ते चालत नाही.

आणखी एका गोष्टीची मी एजंटकडून दोनदा खात्री करून घेतली: मुंबई ते कोलंबस सगळं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर आहे ना? मधलं विमान उशिरामुळे चुकलं तर एका तिकिटावर कंपनी पुढच्या विमानात बसवते. वेगळी तिकिटं असतील तर पुढचं तिकीट सरळ वाया. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी वेगळ्या तिकिटांची आणखी एक भानगड आहे. बॅग उचलून पुन्हा चेक-इन करायला बाहेर पडावं लागलं तर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा लागतो. आम्ही गेटापासून गेटापर्यंतच जाणार होतो आणि पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा होता, त्यामुळे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागला नाही.

दोघींचं येण्याजाण्याचं मिळून दोन लाख चौसष्ट हजार पडले. अकरा हजार जास्त मोजले याचं तेव्हा वाईट वाटलं, हे खरं.

एप्रिल ते जून तयारीत गेले. सरकारच्या 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर' योजनेसाठी मी ऑनलाइन अर्ज केला. जून २०२४ मध्ये ही योजना दिल्लीला सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी) आहे, फी नाही. पडताळणी होऊन मंजुरी आली की विमानतळावर किंवा एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या) कार्यालयात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. मग मुंबईच्या इमिग्रेशनला काउंटरऐवजी ई-गेटने जाता येतं. माझी मंजुरी महिन्याभरात आली. आईचा अर्ज मुद्दाम केला नाही, कारण व्हीलचेअरसोबत ती काउंटरनेच जाणार होती.

दागिन्यांचा प्रश्न होता. आई मंगळसूत्र आणि पाटल्या काढायला तयार नव्हती. भारतातून सोनं घालून गेलं आणि तेच घालून परत आलं तर त्यावर शुल्क नाही, पण ते इथूनच नेलेलं आहे हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात दाखला घेता येतो. सराफाकडून वजन आणि किमतीचा कागद करून घेतला, दागिन्यांचे फोटो छापून घेतले. हे काम इमिग्रेशनच्या आधी उरकायचं असतं, आणि त्याचा वेळ वेगळा धरायचा.

खाऊच्या बाबतीत आईशी बरीच वाटाघाट झाली. वहिनीसाठी कढीपत्ता हवा होता. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही. आंबे, संत्री, कुठलंच ताजं फळ नाही. तुळशीचं बी तिने पुडीत बांधून ठेवलं होतं, तेही बाहेर काढलं, कारण पेरायच्या बियांना वेगळी कागदपत्रं लागतात. पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट, गोडा मसाला आणि लिंबाचं लोणचं घेतलं. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत नाव लिहिलं आणि सगळं एकाच बॅगेत भरलं. एकाच बॅगेत भरल्याचा पुढे फार उपयोग झाला.

नागपूरहून मुंबईला विमानाने जावं की रेल्वेने? देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चालतं आणि आमच्या बॅगा होत्या २३ किलोच्या चार. अमेरिकेच्या तिकिटाला जोडलेलं नसलेलं देशांतर्गत तिकीट काढलं की आंतरराष्ट्रीय वजनाची सवलत मिळत नाही. म्हणून ७ जुलैच्या रात्रीची रेल्वे पकडली आणि मावशीकडे ठाण्याला उतरलो. जुलैचा पाऊस, कसारा घाट. एक दिवस हातात ठेवून निघणंच शहाणपणाचं होतं. गाडी दीड तास उशिरा पोचली, आणि तरी कसलीच घाई नव्हती.

विमान १० जुलैच्या पहाटे पावणेतीनला होतं. म्हणजे विमानतळावर ९ तारखेच्या रात्री जायचं! मावशीच्या कॅलेंडरवर १० तारखेला गुरुपौर्णिमा म्हणून खूण होती आणि ती आम्हाला पूजा करून जा म्हणत होती. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख घरातल्या सगळ्यांना रात्रीच्या भाषेत सांगा, 'बुधवारी जेवून निघायचं' अशी. रात्री दहाला मुंबई विमानतळाच्या टी२ वर, म्हणजे टर्मिनल २ वर, पोचलो. चेक-इन, दागिन्यांचा दाखला (४० मिनिटं), माझे ठसे, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी हे सगळं होईतो पाऊण वाजला.

फ्रँकफर्टला तीन तास होते. तिथे पासपोर्ट तपासणी नव्हती, पण सुरक्षा तपासणी पुन्हा झाली. आईने मुंबईत तपासणीनंतर भरून घेतलेली पाण्याची बाटली रिकामी करावी लागली. अमेरिकेच्या विमानाच्या गेटपाशी कागदपत्रं परत बघतात, म्हणून बोर्डिंगच्या वेळेपेक्षा बरंच आधी तिथे जाऊन बसलो. आई दीड तास झोपली.

शिकागोला पोचायची वेळ दुपारी १२.४५. विमान गेटला लागलं सव्वाला. व्हीलचेअर मागितलेले आम्ही नऊ-दहा जण होतो, आणि एकेकाचा नंबर येत आम्ही दारातून निघालो तेव्हा पावणेदोन होत आले होते. जे तिकीट आम्ही घेतलं नाही त्यातलं कोलंबसचं विमान २.२५ चं. मी घड्याळाकडे बघितलं आणि अकरा हजारांचं दुःख तिथे संपलं.

इमिग्रेशनच्या दालनात रांग नागमोडी, दोरीच्या खांबांमधून वळत वळत गेलेली. व्हीलचेअरसाठी बाजूला वेगळी रांग होती, सोबतच्या एकाला तिथे येऊ देतात. तिथेही आमच्या पुढे बरीच मंडळी होती. या रांगेत फोन वापरू देत नाहीत, त्यामुळे दादाचा पत्ता, फोन नंबर, परतीचं तिकीट हे सगळं कागदावर हवं. मी एका पारदर्शक फोल्डरमध्ये सगळं ठेवलं होतं: वर पासपोर्ट, खाली परतीचं तिकीट, दादाचं पत्र, विम्याचा कागद. आईला मी रांगेत सांगत होते की विचारतील तेवढंच सांग. ती म्हणाली, "मी पोराकडे चालले आहे, यात लपवायचं काय?" तिच्या आवाजातल्या या स्वस्थपणाने मलाच धीर आला.

काउंटरवर आम्हाला दोघींना एकत्र बोलावलं. प्रश्न साधे: कोणाकडे आलात, तो काय करतो, किती दिवस राहणार, सोबत खायचं काय आहे, रोख किती. १० हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल तर सांगावी लागते. आमच्याकडे सहाशे होते. वेळ लागला तो बोटांच्या ठशांना. आईची बोटं आयुष्यभराच्या कामाने झिजलेली, आणि विमानातल्या हवेने आणखी कोरडी पडलेली. यंत्र ठसे घेईना. अधिकाऱ्याने ओला कागद दिला, बोटं पुसली, दाबून धरली, चौथ्या खेपेला जमलं. वयस्कर माणसांना उतरण्याआधी हाताला थोडं क्रीम चोळायला लावा, हे मी आता सगळ्यांना सांगते. रांग आणि ठसे मिळून तिथून सुटायला पावणेतीन वाजून गेले.

किती दिवस राहायची परवानगी मिळाली ते आय-९४ या नोंदीवर असतं. हल्ली ती कागदावर देत नाहीत. सीबीपीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी लागते. आम्हाला ९ जानेवारी २०२६ पर्यंतची मिळाली होती. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत या नोंदीतली धरायची, आणि नाव-तारीख बरोबर आहे ना हे पहिल्या आठवड्यातच तपासायचं.

बॅगा पट्ट्यावरून उतरवून एका बाजूला ठेवलेल्या होत्या. बॅगांच्या मुठींना आईच्या जुन्या साडीचा पिवळा काठ बांधला होता, तो लांबूनच दिसला. खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगितल्यामुळे आम्हाला शेतीमालाच्या तपासणीकडे पाठवलं. इथे बरेच जण घाबरून "काही नाही" म्हणतात. तसं करू नका. सांगितलेला पदार्थ चालत नसेल तर काढून घेतात आणि विषय संपतो. न सांगितलेला सापडला तर दंड होऊ शकतो. बॅग एक्स-रेमधून गेली, मग तीच एक बॅग उघडायला सांगितली. सांडगे हातात घेऊन बाईंनी विचारलं हे काय. मी सांगितलं, वाळवलेल्या डाळीचे आहेत, मांस नाही, बी नाही. मेतकुटाची पिशवी उघडून वास घेतला. सगळं परत मिळालं. बाकीच्या तीन बॅगा उघडाव्या लागल्या नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं गेली.

बाहेर पडलं की लगेच कनेक्टिंग बॅगांचा काउंटर आहे. तिथे बॅगा द्यायच्या आधी एक काम करायचं: हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रव वस्तू, ड्यूटी फ्रीमधली अत्तराची किंवा दारूची बाटली वगैरे असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची. पुढच्या तपासणीत ती अडू शकते आणि इथून पुढे मोठ्या बॅगा आपल्या हाती येत नाहीत. चारही बॅगा दिल्या तेव्हा साडेतीन झाले होते.

ट्रेनने टर्मिनल १. तिथली सुरक्षा रांग इमिग्रेशनइतकी नसली तरी चांगली मोठी होती. बूट काढायचा नियम नुकताच, ८ जुलैला, रद्द झाला होता; आईला वाकावं लागलं नाही. गेटपाशी पोचलो चार वीसला. पाच वाजताच्या विमानासाठी बोर्डिंग सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी आईसाठी गरम पाणी आणलं, ती दशमी आणि लोणचं खायला बसली. दादाला मेसेज केला. ज्या चार तासांत आई बसून काय करणार असा प्रश्न होता, त्यातली बसायला मिळाली ती ही दहा मिनिटं.

व्हीलचेअर ढकलणाऱ्या मदतनिसांबद्दल लिहायलाच हवं. सेवा फुकट असते, पण अमेरिकेत टीप द्यायची पद्धत आहे. शिकागोत दोन टप्प्यांत दोन माणसं बदलली. प्रत्येकाला मी दहा डॉलर दिले. सुट्ट्या नोटा भारतातूनच नेलेल्या बऱ्या. त्यातल्या दुसऱ्या मुलीने आईचा हात धरून तिला ट्रेनमध्ये बसवलं, भाषा एकमेकींना येत नसताना दोघी हसून बोलत होत्या.

परतीचा प्रवास १६ सप्टेंबरला. आईला घटस्थापनेच्या आत, म्हणजे २२ तारखेच्या आत, घरी पोचायचं होतं. या दिशेने शिकागोला दोन तास पुरतात, कारण अमेरिकेतून बाहेर पडताना इमिग्रेशनचा काउंटर नसतो आणि बॅगा थेट मुंबईपर्यंत जातात. आमचं दुसरं विमानही टर्मिनल १ वरूनच होतं. तिथे जास्त पैसे देऊन लांब थांबा घेण्याची गरज नाही.

मुंबईला मात्र उलट. भारताचाही नियम तोच: पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स, मग देशांतर्गत. आमचं विमान रात्री एकला उतरायचं होतं, उतरलं दोनला. नागपूरचं सकाळी सहाचं होतं, वेगळ्या तिकिटावर, तेही टी२ वरूनच. तिकीट काढताना टर्मिनल बघून घ्या. टी१ असेल तर बॅगा घेऊन रस्त्याने जावं लागतं. मी ई-गेटने पाच मिनिटांत बाहेर आले, आई काउंटरवरून पंधरा मिनिटांत. बॅगा यायला पाऊण तास. कस्टम्सच्या ग्रीन चॅनेलला (शुल्क लागण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेला) एका अधिकाऱ्याने आईच्या पाटल्यांबद्दल विचारलं; दाखला दाखवला, त्यांनी वजन बघून जा म्हटलं. मग वर जाऊन चेक-इन. परतीलाही दोन बॅगांचं वजन जास्तच होतं, पण जादा वजनाचे पैसे आदल्या दिवशी ऑनलाइन भरले होते. काउंटरवर भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. गेटवर बसलो तेव्हा साडेचार झाले होते.

आता वहिनीचे आईबाबा मे महिन्यात जायचं म्हणतात, पुण्याहून, दोघंच. त्यांच्यासाठी मी अबुधाबीचा मार्ग बघते आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेच्या इमिग्रेशन आणि कस्टम्सची सोय आहे. सगळं अबुधाबीतच उरकतं आणि शिकागोला माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा उतरतो, बॅगाही पुढे थेट जातात. त्यामुळे लांब थांबा घ्यायचा तो अबुधाबीत, निदान चार तासांचा. शिकागोत अडीच पुरतील. एजंटने पाठवलेल्या पहिल्या तिकिटात अबुधाबीला १ तास ५० मिनिटं आणि शिकागोत पाच तास आहेत. ते मी परत पाठवून दुसरं मागवलं आहे.